कोलोनोस्कोपीच्या आधी शुगरची गोळी घ्यायची की नाही? ‘रिकाम्या पोटी या’ एवढी सूचना पुरेशी का नाही?

‘सकाळी रिकाम्या पोटी या.’ आतड्याच्या दुर्बिणीची तारीख मिळाली की चिठ्ठीवर अनेकदा एवढंच लिहिलेलं असतं. सोबत पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट असतं आणि ती किती पाण्यात मिसळायची, हे तोंडी सांगितलेलं असतं. पण ज्याला शुगर आहे, त्याचा खरा प्रश्न त्या चिठ्ठीवर नसतोच. जेवायचं नाही, तर शुगरच्या गोळीचं काय करायचं?

घरात या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, “शुगरची गोळी कधी चुकवायची नसते, नेहमीसारखी घ्या.” दुसरा म्हणतो, “खायचंच नाही तर गोळी कशाला? इन्सुलिनही नको.” दोन्ही उत्तरं काळजीपोटी दिलेली असतात आणि दोन्ही चुकीची ठरू शकतात. पहिल्यात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, दुसऱ्यात ती वर जाऊ शकते. शिवाय काही गोळ्या अशा आहेत की त्या तपासणीच्या दिवशी बंद करून भागत नाही, तीन दिवस आधीच थांबवाव्या लागतात.

म्हणजे ‘शुगरची गोळी’ या एका नावाखाली आपण जे घेतो, त्यातल्या प्रत्येक औषधाचा नियम वेगळा आहे. तो काय आहे आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो पाळताना नेमकं कुठे अडतं, ते समजून घेऊ.

कोलोनोस्कोपी म्हणजे काय आणि पोट इतकं साफ का करायचं?

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने केलेली तपासणी. टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी गुदद्वारातून आत नेऊन डॉक्टर मोठं आतडं आतून पाहतात. शौचातून रक्त जाणं, शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल, कारण नसताना घटलेलं वजन, रक्त कमी होण्याचं न सापडणारं कारण अशा वेळी ही तपासणी सांगितली जाते. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. त्यामुळे तपासणीपर्यंत पोहोचलेला माणूस आधीच उशिरा आलेला असू शकतो.

आतड्यात मळ राहिला तर कॅमेऱ्याला भिंत दिसत नाही. एखादी छोटी गाठ मळाखाली झाकली जाते किंवा तपासणी अर्धवट सोडून पुन्हा बोलवावं लागतं. म्हणून एक ते तीन दिवस आधीपासून हलका, चोथा नसलेला आहार देतात. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ चालतात. मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी पावडर सुमारे दोन लिटर पाण्यात मिसळून प्यायला देतात. आता बऱ्याच ठिकाणी हे औषध दोन भागांत देतात. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी.

शुगर असलेल्यांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण असते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने आतड्याच्या हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या नसा मंदावतात, बद्धकोष्ठता वाढते. त्यामुळे इतरांपेक्षा त्यांचं पोट नीट साफ न होण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे तयारी जास्त काटेकोर हवी, आणि त्याच तयारीत साखरेचा तोलही सांभाळायचा.

हा प्रश्न किती जणांचा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के येतं. म्हणजे कोलोनोस्कोपीच्या रांगेत बसलेल्या प्रत्येक आठ-नऊ जणांमागे एक तरी शुगरचा रुग्ण असणार. मोठं आतडं तपासायची गरज वय वाढल्यावर जास्त पडते आणि शुगरही त्याच वयात जास्त दिसते. त्यामुळे प्रत्यक्षात हे प्रमाण याहून जास्तच असेल.

बीडमध्ये नेमकं कुठे अडतं?

पहिली अडचण दोन डॉक्टरांची. शुगरच्या गोळ्या गावाजवळच्या डॉक्टरांच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या असतात. दुर्बीण करणारे डॉक्टर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतात किंवा अंबाजोगाई, लातूर, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगरला. दुर्बिणीच्या डॉक्टरांना वाटतं की गोळ्यांचं रुग्णाच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. गावातल्या डॉक्टरांना तर तपासणीची तारीखच माहीत नसते. मधल्या जागेत रुग्ण एकटा असतो.

दुसरी अडचण कापलेल्या पट्टीची. पैसे कमी असले की मेडिकलमधून पूर्ण पट्टी न घेता चार-सहा गोळ्या कापून घेतल्या जातात. औषधातल्या घटकांची नावं पट्टीच्या ज्या भागावर छापलेली असतात, तो भाग दुकानातच राहतो. घरी येते ती नुसती ‘सकाळची पांढरी गोळी’. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे आणखी गुंतागुंतीचं होतं. दिवाळीच्या सुमारास घर सोडून पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेला माणूस तिथल्या दवाखान्यातून गोळ्या घेतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतल्यावर इथल्या. हंगामात गोळी बदललेली असते, पण कागद सोबत नसतो.

तिसरी अडचण प्रवासाची. सकाळी नऊची वेळ असेल तर औषधाचा दुसरा भाग पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान प्यावा लागतो. त्यानंतर काही तास सारखं शौचाला जावं लागतं. एसटी बसमध्ये शौचालय नसतं. त्यामुळे अनेक जण दुसरा भाग पितच नाहीत किंवा रात्रीच सगळं संपवून टाकतात. मग पोट नीट साफ होत नाही आणि पुन्हा यावं लागतं. रोजंदारीवरच्या माणसासाठी ‘पुन्हा या’ म्हणजे दोघांची मजुरी आणि दोघांचं भाडं.

धोका ओळखू का येत नाही?

पोट साफ होताना प्रत्येकाला थकवा येतो. मळमळतं, पोटात कळ येते, घाम येतो, हातपाय गळतात. घरचे म्हणतात, “जुलाब होतायत, अशक्तपणा येणारच.” पण साखर खाली गेल्यावरही घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोकं चालत नाही. आणि रक्तात आम्ल साठू लागलं तरी मळमळतं, उलटी होते, पोट दुखतं. नेहमीचा त्रास कुठे संपला आणि धोका कुठे सुरू झाला, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून या दोन दिवसांत घरात ग्लुकोमीटर हवा. स्वतःचा नसेल तर शेजारच्यांकडून आणा, मात्र टोचायची सुई नवी वापरा.

कोणत्या गोळीचं काय?

पट्टीच्या मागे छापलेलं घटकाचं नाव शोधा. पुढची माहिती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे. किती मात्रा घ्यायची आणि कधी थांबवायची, हे तुमची किडनी, वय आणि साखर पाहून डॉक्टरच ठरवतील.

*नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या.* डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पोटात अन्न नसेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल आणि तरीही गोळीचा असर चालू असेल, तर शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. यात जीव जाऊ शकतो. त्यातही फसवं म्हणजे अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही. आकडा बरा दिसतो आणि माणूस मात्र गंभीर असतो.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात बदल केला. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन थांबवावं, एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. कोलोनोस्कोपी ही शस्त्रक्रिया नसली तरी उपाशी राहणं आणि पाणी कमी होणं यात सारखंच असतं, म्हणून बरेच डॉक्टर इथेही तोच नियम लावतात.

हे आत्ता जास्त महत्त्वाचं आहे, कारण या गोळ्या आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये आल्या. मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसोबत एकाच गोळीत मिसळूनही त्या मिळतात. शिवाय हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठीही हीच गोळी देतात. त्यामुळे ‘ही तर माझी हृदयाची गोळी’ असं समजून ती चालू ठेवली जाऊ शकते. हृदय कमजोर असेल तर ती परस्पर बंदही करू नका, आधी विचारा.

*ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड.* या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. म्हणून उपाशीपोटी साखर खाली जाण्याचा सगळ्यात मोठा धोका गोळ्यांमध्ये यांचाच. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे खूप जण घेतात. तपासणीच्या दिवशी सकाळी या गोळ्या सहसा बंद ठेवतात. आदल्या दिवशी जेवण बंद असेल तर तेव्हाही कमी किंवा बंद करतात. वयस्कर आणि किडनी कमजोर असलेल्या रुग्णांत यांचा असर जास्त वेळ टिकतो, त्यामुळे त्यांच्याबाबत जास्त सावध राहावं लागतं.

*मेटफॉर्मिन.* ही एकटी घेतली तर साखर फारशी खाली नेत नाही. पण जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं आणि किडनीवर ताण आला, तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. शिवाय तिच्यामुळे पोट बिघडतं ते वेगळंच. म्हणून जेवण बंद असेपर्यंत ती थांबवण्याचा सल्ला अनेकदा देतात. ब्रँडच्या नावापुढे ‘एम’ असेल तर बहुतेक वेळा त्या गोळीत मेटफॉर्मिन असतं.

*सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन.* यांचा धोका तुलनेने कमी. तपासणीच्या सकाळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांच्या पद्धतीवर अवलंबून असतं.

*व्होग्लिबोज आणि अकार्बोज.* या गोळ्या जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या असतात. जेवण नाही तर गोळीही नाही. मात्र यात एक बारकावा आहे. ही औषधं घरच्या साखरेचं आतड्यातलं पचन लांबवतात. त्यामुळे यांचा असर चालू असताना साखर खाली गेली, तर साखरपाण्याने ती लवकर वर येत नाही. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पावडर लागते. ती घरात असू द्या.

*आठवड्याचं इंजेक्शन.* सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांच्यामुळे जठर उशिरा रिकामं होतं. भूल देताना पोटात काही शिल्लक असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून हे इंजेक्शन घेत असाल आणि विशेषतः सध्या मळमळ होत असेल किंवा पोट फुगत असेल, तर ते दुर्बिणीच्या आणि भुलीच्या डॉक्टरांना आधीच सांगा. वजन कमी करण्यासाठी घेत असाल तरीही सांगा.

इन्सुलिन: कमी करायचं, पण मनाने बंद करायचं नाही

इन्सुलिन घेणाऱ्यांकडून सगळ्यात मोठी चूक होते ती ते पूर्ण बंद करण्याची. शरीराला उपाशी असतानाही थोडं इन्सुलिन लागतंच.

दिवसभर टिकणारं ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखं इन्सुलिन सहसा चालू ठेवतात, मात्रा कमी करून. किती कमी, हे प्रत्येकाचं वेगळं. अनेक ठिकाणी ही कपात २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असते. जेवणाआधी घ्यायचं झटपट असर करणारं इन्सुलिन जेवण नसेल तेव्हा घेत नाहीत, साखर फार वाढली तरच डॉक्टर थोडं सांगतात. आपल्याकडे बरेच जण ३०-७० असं मिश्र इन्सुलिन दिवसातून दोनदा घेतात. त्यात दोन्ही प्रकार एकत्र असल्यामुळे नुसतं एक काढून टाकता येत नाही. त्याची मात्रा किती कमी करायची, हे युनिटच्या आकड्यात लिहून घ्या. ‘अर्धं घ्या’ असं तोंडी सांगितलेलं रात्री आठवत नाही.

टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे लहानपणापासून किंवा तरुणपणापासून केवळ इन्सुलिनवर असाल, तर दिवसभराचं इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत पूर्ण थांबवायचं नाही. ते थांबलं तर काही तासांतच कीटोअ‍ॅसिडोसिस सुरू होऊ शकतो.

त्या दिवशी साखर चालते

शुगर असलेल्या माणसाला वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितलेली असते, गोड टाळा. त्यामुळे फक्त पातळ पदार्थांच्या दिवशीही तो साधं पाणी आणि बिनसाखरेचा चहा पिऊन राहतो. इथेच साखर घसरते. या एका दिवशी नियम थोडा उलटा आहे. जेवणाची जागा पातळ पदार्थांनी भरायची असेल तर त्यातून थोडी साखर पोटात जायलाच हवी. अनेक रुग्णालयांच्या पत्रकांत जेवणाच्या वेळी सुमारे ४५ ग्रॅम आणि मधल्या वेळी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं पातळ स्वरूपात घ्या, असं सांगतात. चार चमचे साखर घातलेल्या एक ग्लास लिंबूपाण्यातून साधारण १६ ते २० ग्रॅम मिळतात. ग्लुकोमीटरवरचा आकडा मुळातच जास्त असेल तर बिनसाखरेचं प्या.

काय चालतं? सोपी कसोटी अशी, ग्लास समोर धरला तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे.

- चालतं: पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, शहाळ्याचं पाणी, दूध न घातलेला चहा, ओआरएस, वरणाचं वरचं निवळ गाळलेलं पाणी, सफरचंदाचा गाळीव रस.
- चालत नाही: दूध, ताक, दुधाचा चहा, उसाचा रस, गर असलेला कोणताही रस.
- रंगाने फसवणारं: लाल आणि जांभळ्या रंगाची सरबतं, कोकम, बीट, डाळिंबाचा रस. आतड्यात ते रक्तासारखे दिसू शकतात.

किडनीचा आजार असेल तर शहाळ्याचं पाणी विचारल्याशिवाय पिऊ नका, त्यात पोटॅशियम जास्त असतं.

त्याआधीच्या हलक्या आहाराच्या दिवसांत ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची, कारळाची चटणी, ठेचा, पेरू, अंजीर, सीताफळ बंद. बिया आणि टरफलं आतड्याला चिकटून राहतात, दुर्बिणीची नळीही त्यांनी तुंबते. पांढरा भात, डाळीचं पाणी, इडली, साल काढून शिजवलेला बटाटा असं खाता येतं. आणखी एक गैरसमज उपवासाचा. ‘त्या दिवशी उपवासच धरते’ असं म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली तर सगळी तयारी वाया जाते.

साखर किती वेळा तपासायची?

जेवण बंद झाल्यापासून जागे असेपर्यंत साधारण दर चार तासांनी, झोपताना, पहाटे उठल्यावर आणि दवाखान्यात निघण्याआधी. मधे केव्हाही घाम, थरथर किंवा गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच. टोचण्याआधी हात पाण्याने धुवून पुसा. बोटाला साखरपाणी लागलेलं असेल तर आकडा खोटा वाढलेला दिसतो.

साखर ७० च्या खाली आली तर वाट पाहू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या.

तपासणीच्या शेवटच्या काही तासांत पाणीही बंद असतं. किमान दोन तास, काही ठिकाणी जास्त. तेव्हा साखर उतरली तर? ‘आता काही प्यायलं तर तपासणी रद्द होईल’ या भीतीने गप्प बसणं सगळ्यात धोक्याचं. साखर घ्या आणि डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात असाल तर ते शिरेतून ग्लुकोज देऊ शकतात. तपासणी तासाभराने करता येते, दुसऱ्या दिवशीही करता येते.

बेशुद्ध होत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा. सारख्या उलट्या, धाप लागणं, पोटात जोराची कळ, फार गुंगी असेल तर आकडा बरा दिसला तरी दवाखाना गाठा. ‘ग्लिफ्लोझिन’ची गोळी चालू होती का, हे तिथे आठवणीने सांगा.

एक उदाहरण: तपासणी सोमवारी, घर केज तालुक्यात

समजा, आत्यांना लातूरला सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे.

*आधीचा सोमवार:* सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, इन्सुलिनचं पेन आणि जुने कागद एका पिशवीत घालून शुगरच्या डॉक्टरांकडे जायचं. पट्टी कापलेली असेल तर मेडिकलवाल्या दादांकडून पूर्ण पट्टीचा फोटो काढून घ्यायचा. लोहाची गोळी चालू असेल तर सांगायचं. तिने मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून ती साधारण आठवडाभर आधी बंद करतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवायची आणि मनाने बंद करायची नाही.

*गुरुवार:* ‘ग्लिफ्लोझिन’ची गोळी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती आजपर्यंत थांबलेली असली पाहिजे.

*शनिवार:* चोथा नसलेला आहार.

*रविवार:* फक्त पातळ पदार्थ. गोळ्या आणि इन्सुलिन कागदावर लिहिल्याप्रमाणे. शक्य असेल तर आजच लातूरला नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ मुक्काम. खोलीला शौचालय आहे ना, हे आधी विचारायचं. संध्याकाळी औषधाचा पहिला भाग, एकेक ग्लास दहा-पंधरा मिनिटांनी. सोबत कोणीतरी हवंच.

*सोमवार:* पहाटे साखर तपासून दुसरा भाग. तपासणीनंतर जेवण सुरू झालं की गोळ्या कशा सुरू करायच्या, हे विचारूनच निघायचं.

मुक्काम शक्यच नसेल तर ते तारीख घेतानाच सांगा. शुगर असलेल्यांना शक्यतो सकाळची वेळ देतात, म्हणजे उपाशी राहण्याचा काळ कमी होतो. पण लांबून येणाऱ्याला सकाळी आठची वेळ उपयोगाची नाही. दहा-अकराची वेळ मागायला संकोच करू नका.

पावडर कोणती, हेही विचारा

पोट साफ करायची सगळी औषधं सारखी नसतात. सोडियम फॉस्फेट असलेल्या औषधांमुळे काही रुग्णांच्या किडनीला इजा झाल्याचं आढळल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये गंभीर इशारा दिला होता. जुनी शुगर असलेल्या अनेकांची किडनी आधीच थोडी कमजोर असते आणि त्यांना ते माहीतही नसतं. म्हणून क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट सोबत ठेवा. अशा रुग्णांना सहसा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात.

तपासणी झाल्यावर

गुंगीचं औषध दिलं असेल तर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही. घरी पोहोचून पहिलं जेवण अंगी लागल्यावर, साखर तपासून, सांगितल्याप्रमाणे गोळ्या सुरू करायच्या. ‘ग्लिफ्लोझिन’ची गोळी मात्र खाणंपिणं पूर्वीसारखं झाल्यावरच. सकाळी राहिलेल्या गोळ्या आणि रात्रीच्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. त्या रात्रीही झोपण्याआधी एकदा साखर पाहा.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

1. माझ्या प्रत्येक गोळीचं नाव लिहून, ती कोणत्या दिवसापासून बंद करायची, हे लिहून द्याल का?
2. इन्सुलिन आदल्या रात्री किती युनिट आणि त्या सकाळी किती युनिट?
3. पोट साफ करायचं हे औषध माझ्या किडनीला चालेल का?
4. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर कोणत्या नंबरवर फोन करू?
5. गोळ्या पुन्हा केव्हा सुरू करू?

या पाच प्रश्नांना डॉक्टरांची पाच मिनिटं लागतात. ती तारीख घेतानाच मागा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या, कारण पहाटे चार वाजता औषध पिताना विचारायला कोणी नसतं. घरात कोणाला कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली असेल आणि त्यांना शुगर असेल, तर आज फक्त एक काम करा. त्यांच्या सगळ्या पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुढचं बोलणं तिथूनच सुरू होतं.